न छापलेली वंशावळ : बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग आणि हाल्लेचा नकार

तमिळ किनाऱ्यावरील तरंगमबाडी या डॅनिश वसाहतीतून १७१३ साली एक जर्मन हस्तलिखित युरोपकडे रवाना झाले. त्याचे शीर्षक ‘मलबारी देवतांची वंशावळ’ असे होते, कारण त्या काळी युरोपीय लोक तमिळ भाषकांना सरसकट मलबारी म्हणत असत. लेखक बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग हे नुकतेच तिशीत आलेले ल्यूथरन, म्हणजे मार्टिन ल्यूथर यांच्या प्रोटेस्टंट पंथाचे, धर्मोपदेशक होते. ग्रंथ ज्यांच्या हाती पडावा म्हणून पाठवला ते आउगुस्ट हेर्मान फ्रांके हे जर्मनीतील हाल्ले येथील प्राध्यापक, त्सीगेनबाल्ग यांचे गुरू आणि त्यांच्या कार्याचा युरोपातील मुख्य आधार होते. ग्रंथ छापला गेला नाही. असले लेखन छापण्याचा विचारही करू नये, मिशनऱ्यांना भारतातील मूर्तिपूजा उखडून टाकण्यासाठी पाठवले आहे, तिचे थोतांड युरोपभर पसरवण्यासाठी नव्हे, अशा आशयाचे फ्रांके यांचे उत्तर पुढे प्रसिद्धी पावले. हस्तलिखित पडून राहिले आणि १८६७ साली विल्हेल्म गेर्मान या दुसऱ्या जर्मन मिशनऱ्याने ते मद्रासमध्ये छापले, तेव्हा लेखकाच्या मृत्यूला जवळजवळ दीडशे वर्षे होत आली होती.

ही हकिकत सहसा एका ठरलेल्या पद्धतीने सांगितली जाते. उदार, जिज्ञासू विद्वान एका बाजूला आणि संकुचित धर्मसंस्था दुसऱ्या बाजूला, अशी ती मांडणी असते. कागदपत्रे मात्र या मांडणीला पुरेसा आधार देत नाहीत. त्सीगेनबाल्ग यांनी स्वतःला तटस्थ अभ्यासक कधीच मानले नाही, आणि हाल्लेने त्यांचे सर्वच लेखन दडपले असेही नाही. काय छापले गेले आणि काय नाही, हे एकत्र ठेवून पाहिले तर या नकारामागे एक सुसंगत निवड दिसते. ती निवड कशी घडली आणि तिची पाळेमुळे ल्यूथरन विचारातच कशी होती, हे येथे तपासायचे आहे.

पुल्सनित्स ते तरंगमबाडी

त्सीगेनबाल्ग यांचा जन्म १६८२ साली झाक्सनीतील पुल्सनित्स या गावी झाला. आईवडील लवकर वारले. गोर्लित्स आणि बर्लिन येथे शालेय शिक्षण झाल्यावर ते हाल्ले विद्यापीठात आले. हाल्ले तेव्हा पिएटिझम या चळवळीचे केंद्र होते. ल्यूथरन मतातील सिद्धांतांची काटेकोर मांडणी पुरेशी नाही, माणसाच्या अंतःकरणात पालट झाला पाहिजे आणि तो पालट शिक्षण, अनाथांचा सांभाळ आणि लोकसेवा यांतून दिसला पाहिजे, असा या चळवळीचा आग्रह होता. फ्रांके यांनी तेथे अनाथाश्रम, शाळा, औषधालय आणि छापखाना असा मोठा व्याप उभारला होता. प्रकृती साथ देत नसल्यामुळे त्सीगेनबाल्ग यांचे विद्यापीठातील शिक्षण खंडित झाले, पण हाल्लेची छाप त्यांच्यावर कायमची राहिली.

डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याला आपल्या दूरच्या वसाहतींत धर्मप्रसारक पाठवायचे होते. दरबारी धर्मोपदेशक ल्यूटकेन्स यांनी जर्मनीतून दोन तरुण निवडले. त्यांतले एक त्सीगेनबाल्ग आणि दुसरे हाइनरिश प्ल्यूत्शाउ. कोपनहेगनच्या बिशपने पहिल्या परीक्षेत दोघांनाही अपात्र ठरवले, तेव्हा राजाने पुन्हा परीक्षा घ्यायला लावली आणि नोव्हेंबर १७०५ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. त्याच महिन्याच्या अखेरीस ‘सोफिया हेडविग’ हे जहाज निघाले आणि ९ जुलै १७०६ रोजी दोघे तरंगमबाडीला पोहोचले. परीक्षेची ही गोष्ट किरकोळ वाटेल, पण पुढच्या घटना समजण्यासाठी ती ध्यानात ठेवावी लागते, कारण या दोघांच्या पात्रतेविषयीची शंका युरोपात कधीच मिटली नाही. १७०८ साली तर व्हिटेनबर्गच्या, म्हणजे खुद्द मार्टिन ल्यूथर यांच्या विद्यापीठाच्या धर्मशास्त्र विभागाने या मिशनऱ्यांना खोटे संदेष्टे ठरवले होते.

तरंगमबाडीचा किल्ला डॅनिश कंपनीने १६२० साली तंजावरच्या रघुनाथ नायकाशी केलेल्या करारातून मिळवला होता. त्सीगेनबाल्ग उतरले तेव्हा नायकांचे राज्य जाऊन तीसएक वर्षे झाली होती आणि तंजावरच्या गादीवर व्यंकोजी भोसले यांचे पुत्र शहाजी होते. १७१२ नंतर त्यांचे धाकटे बंधू सरफोजी आले. म्हणजे किल्ल्याच्या भिंतीबाहेर काही कोसांवर जो मुलूख सुरू होत होता तो मराठी राजांचा होता. तेथे प्रवेश मिळवणे त्सीगेनबाल्ग यांना आयुष्यभर साधले नाही. १७०९ मध्ये देशी पोशाख करून त्यांनी त्या मुलखात जाण्याचा प्रयत्न केला होता, पण पकडले जाल अशी ताकीद मिळाल्याने त्यांना परतावे लागले. (पुढे १७७० नंतर ख्रिस्टियान फ्रिडरिश श्वार्ट्स हे तरंगमबाडी परंपरेतलेच ल्यूथरन मिशनरी तंजावरात स्थायिक झाले आणि दुसऱ्या सरफोजींचे पालक व शिक्षक बनले, पण तो वेगळ्या काळाचा आणि वेगळ्या राजकारणाचा विषय आहे.)

किल्ल्याचा कमांडंट योहान सिगिस्मुंड हासिउस याला हे पाहुणे नकोसे होते. कंपनीला व्यापार करायचा होता, आणि धर्मांतराच्या प्रयत्नांनी स्थानिक लोक दुखावले तर व्यापाराला धोका, हा त्याचा हिशेब अगदीच चुकीचा नव्हता. १७०८ च्या नोव्हेंबरमध्ये या तणावाचा भडका उडाला. एका तमिळ न्हाव्याच्या विधवेचा कर्जाचा वाद कंपनीच्या नोकरीतील एका कॅथलिक दुभाष्याशी होता आणि त्सीगेनबाल्ग यांनी तिची बाजू घेऊन वारंवार हस्तक्षेप केला. हासिउसने बोलावणे धाडल्यावर त्यांनी लेखी समन्स मागितले. त्यांना अटक झाली, प्रश्नांना उत्तरे द्यायला नकार दिल्यामुळे कैद झाली, आणि चार महिन्यांहून अधिक काळ ते तरंगमबाडीच्या याच डान्सबोर्ग किल्ल्यात बंदिस्त राहिले. राजाने पाठवलेल्या माणसाला राजाच्याच अधिकाऱ्याने कैदेत टाकावे, ही परिस्थिती मिशनचे खरे स्थान दाखवते. त्याला कोपनहेगनचा आश्रय होता, हाल्लेचे मार्गदर्शन होते, पैसा देणगीदारांकडून येत होता, आणि रोजचे जगणे मात्र कंपनीच्या मर्जीवर अवलंबून होते.

वाचनाची गरज

ल्यूथरन धर्मविचारात देवाचे वचन ऐकणाऱ्याच्या भाषेत पोहोचणे ही मध्यवर्ती गोष्ट आहे. विधी आणि पाळकाचे पद यांना त्या तुलनेत दुय्यम स्थान आहे. या भूमिकेतून आलेल्या माणसाला तमिळ येणे ही सोय नव्हती, ती त्याच्या कामाची पहिली अट होती. प्ल्यूत्शाउ यांनी मुख्यतः पोर्तुगीजवर लक्ष दिले, आणि त्सीगेनबाल्ग यांनी तमिळ. त्यांनी एका वृद्ध पंतोजींना आपली शाळा मिशनच्या घरी भरवायला सांगितले आणि मुलांच्या शेजारी बसून बोटाने वाळूत अक्षरे गिरवली. अळेप्पा नावाचा दुभाषा, ज्याला पोर्तुगीज, डॅनिश आणि जर्मनही येत असे, त्यांच्या मदतीला होता. काही काळातच त्यांचा दिवस ठरीव वेळापत्रकाने चालू लागला. सकाळी शब्दांची उजळणी होई आणि मग दुपारपर्यंत एका वृद्ध कवीच्या व लेखनिकाच्या सोबतीने ताडपत्रांचे वाचन चाले. ग्रंथात येणारा प्रत्येक नवा शब्द आणि वाक्प्रयोग टिपून घ्यायचा, असा नियम होता.

या वाचनासाठी ग्रंथ हवे होते, आणि ते मिळवण्याची त्यांची पद्धत आज वाचताना थोडी अस्वस्थ करते. ते आपल्या लेखनिकांना आसपासच्या गावांत पाठवत, आणि हे लेखनिक ब्राह्मणांच्या विधवांकडून ताडपत्री पोथ्या स्वस्तात विकत घेत. अशा रीतीने जमलेल्या संग्रहाची सूची त्यांनी १७०८ साली तयार केली. ‘बिब्लिओथेका मलबारिका’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या सूचीत हिंदू आणि जैन परंपरेतील ११९ तमिळ ग्रंथांची नोंद आहे. नुसती नावे नव्हेत, तर ग्रंथात काय आहे, तो शाळेत शिकवतात की फक्त विद्वान वाचतात, तो दुर्मिळ आहे की सर्रास मिळतो, अशा टिपा त्यांत आहेत. ‘तोल्काप्पियम’ हे प्राचीन तमिळ व्याकरण आणि ‘तिरुक्कुरळ’ हा नीतिपर काव्यग्रंथ यांची नोंद युरोपीय माणसाच्या हातून इतक्या लवकर झालेली दुसरीकडे क्वचितच सापडेल. भारतात येऊन त्यांना दोन वर्षेच झाली होती, हे लक्षात घेतले पाहिजे.

त्याच वर्षी त्यांनी ‘नीतिवेण्पा’, ‘कोन्रैवेंदन’ आणि ‘उलकनीति’ या तीन तमिळ नीतिग्रंथांचे जर्मन भाषांतर करून पाठवले. प्रस्तावनेतील त्यांची कबुली महत्त्वाची आहे. युरोपातले ख्रिस्ती लोक या समाजाला रानटी समजतात, आपणही आलो तेव्हा या भाषेला काही नियम असतील आणि या लोकांच्या जगण्याला काही शिस्त असेल असे मानत नव्हतो, पण त्यांचे ग्रंथ वाचल्यावर मत बदलले, असे ते सांगतात. अनुभवाने मत बदलणे यात नवल नाही. येथे मत बदलले ते वाचनाने, आणि वाचायला भाग पाडले ते धर्मप्रसाराच्या कर्तव्याने. त्सीगेनबाल्ग यांच्या विद्वत्तेचा उगम त्यांच्या धर्मशास्त्राबाहेर शोधण्याची गरज नाही, असे माझे मत या एका पुराव्यावरूनच बनले आहे.

ग्रंथाचे स्वरूप

१७११ मध्ये ‘मलबारी मूर्तिपूजा’ हा मोठा ग्रंथ लिहून झाला होता. ‘वंशावळ’ हे त्याच्या पुढचे पाऊल. दरम्यान १७०९ मध्ये योहान एर्न्स्ट ग्रुंडलर हे सहकारी तरंगमबाडीला आले होते, आणि दोघांनी मिळून १७१२ पासून तमिळ लोकांना लेखी प्रश्न पाठवायला सुरुवात केली. सृष्टी कशी झाली, देव किती, मृत्यूनंतर काय, लग्ने कशी लागतात, औषधोपचार कसे चालतात, ख्रिस्ती धर्म लोकांना का पटत नाही, असे अनेक प्रश्न होते. उत्तरे तमिळमध्ये आली आणि त्यांचे जर्मन भाषांतर झाले. अशी ९९ पत्रे पुढे हाल्लेहून प्रसिद्ध झाली. त्यांतली बरीच अळेप्पाने लिहिली असावीत, असे अभ्यासकांचे मत आहे. मिशनऱ्यांशी जवळीक ठेवल्याची शिक्षा म्हणून त्याला तरंगमबाडीतून हद्दपार व्हावे लागले होते आणि तो तंजावरच्या मुलखात राहत होता. म्हणजे त्सीगेनबाल्ग यांना ज्या राज्यात पाऊल टाकता आले नाही तेथून माहिती मात्र येत राहिली.

‘वंशावळ’ हा ग्रंथ या पत्रांवर आणि ताडपत्रांवर उभा आहे, आणि ‘मूर्तिपूजकांच्या स्वतःच्या लेखनातून व पत्रांतून संकलित’ असे तो शीर्षकपृष्ठावरच सांगतो. त्याचे चार भाग आहेत. पहिला परापरवस्तूविषयी, म्हणजे निर्गुण परमतत्त्वाविषयी. दुसरा ब्रह्मा, विष्णू, शिव आणि त्यांच्या परिवाराविषयी. तिसरा ग्रामदेवतांविषयी, आणि चौथा बाकीच्या देवगणांविषयी. मला यातला तिसरा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. अय्यनार, एल्लम्मा, मारियम्मा, अंकाळम्मा, भद्रकाली, पिडारी, चामुंडी, दुर्गा यांची प्रत्येकाची स्थाने, मूर्ती, नैवेद्य आणि उत्सव तेथे वेगवेगळे नोंदवले आहेत. संस्कृत ग्रंथांवर भिस्त ठेवणाऱ्या पुढच्या काळातील युरोपीय पंडितांनी गावकुसाबाहेरच्या या दैवतांकडे दीर्घकाळ दुर्लक्ष केले. यल्लम्मा आणि मरीआई ज्यांच्या ओळखीच्या आहेत अशा मराठी वाचकाला १७१३ मधली ही नोंद परकी वाटणार नाही.

पहिल्या भागात मात्र वादाचे बीज आहे. तमिळ सिद्धपरंपरेतील ‘शिववाक्कियम’ यासारख्या रचनांमधून, मूर्ती आणि विधी यांना नाकारणाऱ्या एका परमेश्वराची कल्पना त्सीगेनबाल्ग यांना सापडली होती. निसर्गाच्या प्रकाशात या लोकांना एकच देव असल्याचे समजते, असे ते म्हणतात. ल्यूथरन धर्मशास्त्राच्या दृष्टीने हे विधान निषिद्ध नाही. निसर्गातून देवाचे काही ज्ञान मिळू शकते पण तारण मिळत नाही, ही मांडणी बायबलमधील पौलाच्या रोमकरांस पत्रापासून चालत आलेली आहे आणि ल्यूथरन पंडितांनीही ती स्वीकारलेली होती. त्सीगेनबाल्ग या चौकटीबाहेर गेले नाहीत. त्यांनी ती चौकट इतक्या पुराव्यांनी भरली की वाचणाऱ्याला तिच्या कडा अंधुक दिसाव्यात, ही खरी अडचण होती.

एकाच वर्षी दोन पुस्तके

‘वंशावळ’ ज्या वर्षी लिहून झाली त्याच १७१३ मध्ये तरंगमबाडीच्या छापखान्यातून ‘अक्कियानम’ हे त्सीगेनबाल्ग यांचे छोटे तमिळ पुस्तक बाहेर पडले. मूर्तिपूजा हे अज्ञान कसे आहे, ते किती तिरस्करणीय आहे आणि त्यात सापडलेल्यांचे तारण कसे होऊ शकते, हा त्याचा विषय. लंडनच्या ख्रिस्ती ज्ञानप्रसारक संस्थेने पाठवलेला छापखाना तरंगमबाडीला पोहोचला होता, आणि हाल्लेत ओतलेले छपाईचे तमिळ खिळे १७१३ मध्ये आले होते. ते खिळे फार मोठे निघाले, कागद पुरेना, म्हणून चीजच्या डब्यांच्या शिशाच्या झाकणांतून नवे, लहान खिळे तेथेच ओतले गेले. याच लहान खिळ्यांनी बायबलमधील नव्या कराराचे तमिळ भाषांतर १७१४–१५ मध्ये छापून पूर्ण झाले. भारतीय भाषेतील हा पहिला छापील नवा करार. (तमिळ मुद्रणाचा मान मात्र जेझुइट या कॅथलिक संघाच्या धर्मप्रसारकांकडे जातो, त्यांची तमिळ पुस्तके सोळाव्या शतकातच छापली गेली होती, आणि गोव्यात छापखाना १५५६ मध्येच आला होता. त्सीगेनबाल्ग यांनी आपल्या भाषांतरात जेझुइटांनी रुळवलेली धार्मिक परिभाषा बरीचशी उचलली, हे त्यांच्या कॅथलिकविरोधी कडवेपणाच्या पार्श्वभूमीवर नमूद करायला हवे.)

तेव्हा एकच लेखक एकाच वर्षी तमिळ वाचकाला त्याचा धर्म अज्ञान असल्याचे सांगत होता आणि जर्मन वाचकाला तोच धर्म किती सुसूत्र आहे हे दाखवत होता. याला दुटप्पीपणा म्हणणे सोपे आहे, पण ते मला बरोबर वाटत नाही. त्सीगेनबाल्ग यांच्या दृष्टीने दोन्ही पुस्तके एकाच कामाची होती. समोरच्याला पटवायचे तर त्याच्या समजुती नेमक्या माहीत हव्यात, आणि पुढे येणाऱ्या मिशनऱ्यांना ती माहिती घरीच मिळावी. फरक पडला तो वाचकांमुळे. तमिळ पुस्तकाचे वाचक आपला धर्म जाणत होते, त्यामुळे त्यांना वर्णनाची गरज नव्हती. जर्मन ग्रंथाच्या वाचकांना वर्णनच मिळणार होते, आणि वर्णन वाचून कोण काय निष्कर्ष काढील यावर लेखकाचा ताबा राहणार नव्हता.

हाल्लेची बाजू

फ्रांके यांच्या नकाराकडे आता पाहू. तरंगमबाडीहून येणारी पत्रे आणि अहवाल १७१० पासून हाल्लेतून क्रमशः छापले जात होते आणि जर्मनी, डेन्मार्क व इंग्लंडमधील वाचकांपर्यंत पोहोचत होते. देणग्यांचा ओघ या अहवालांवर अवलंबून होता. देणगीदारांना बाप्तिस्मे, शाळा, संवाद आणि अडचणींवर मिळवलेला विजय वाचायचा होता. अहवाल छापण्यापूर्वी हाल्लेत त्यांची निवड आणि काटछाट होत असे. दुसरीकडे, व्हिटेनबर्गचे कट्टर ल्यूथरन पंडित हाल्लेच्या प्रत्येक छापील शब्दावर टपून होते. शिवाय मिशनमध्येच फूट पडली होती. १७०९ मध्ये आलेले योहान गेओर्ग बोविंग यांचे त्सीगेनबाल्ग यांच्याशी पटले नाही, आणि १७१२ मध्ये त्यांचे टीकात्मक वर्णन जर्मनीत छापले गेले. अशा वेळी, आपण पाठवलेला मिशनरी शिवाच्या परिवाराची चार भागांत माहिती देत बसला आहे, हे जाहीर करणे म्हणजे विरोधकांच्या हाती कोलीत देणेच होते.

तरीही केवळ सावधगिरी हे उत्तर पुरेसे नाही, कारण ९९ पत्रे हाल्लेने छापलीच. पहिला भाग १७१४ मध्ये आणि दुसरा १७१७ मध्ये निघाला. त्या पत्रांत तमिळ माणूस स्वतः बोलतो, कधी मिशनऱ्यांना खोचक उत्तरेही देतो. मग तीच माहिती पत्ररूपात चालली आणि ग्रंथरूपात का चालली नाही? माझ्या मते उत्तर मांडणीत आहे. पत्र हे एका माणसाचे मत असते, त्याखाली टीप घालून खंडन करता येते, आणि हाल्लेच्या आवृत्तीत तशा टिपा आहेत. ‘वंशावळ’ मात्र विखुरलेल्या गोष्टींची व्यवस्था लावते. परमतत्त्वापासून गावच्या वेशीवरील देवीपर्यंत एक साखळी उभी राहते, आणि त्या साखळीला स्वतःचे तर्कशास्त्र असल्याचे दिसते. ज्याला थोतांड म्हणायचे त्यात व्यवस्था दिसू नये, ही अपेक्षा ग्रंथ पुरी करत नव्हता.

याच कसोटीवर त्सीगेनबाल्ग यांचे बाकीचे लेखन लावून पाहता चित्र स्पष्ट होते. १७१४ मध्ये ते युरोपला निघाले, तेव्हा मलैयप्पन हा तमिळ सहायक त्यांच्याबरोबर होता. जहाजावर त्यांनी लॅटिनमधून तमिळचे व्याकरण लिहिले, आणि १७१६ मध्ये ते हाल्लेतच विनाविलंब छापले गेले. नीतिग्रंथांची भाषांतरे १९३० पर्यंत पडून राहिली. ‘मलबारी मूर्तिपूजा’ १९२६ मध्ये डच संस्कृतपंडित विलेम कालांड यांनी ॲमस्टरडॅममध्ये छापली. पोथ्यांची सूचीही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत अप्रकाशित होती. भाषा शिकण्याचे साधन लगेच छापले गेले. त्या भाषेत लिहिलेले जे काही होते ते बाजूला ठेवले गेले. भाषेची किल्ली मिळवायची, पण त्या किल्लीने उघडलेल्या दालनाविषयी लोकांना सांगायचे नाही, असे हे धोरण होते. हाल्लेने ते कोठे लिहून ठेवले नव्हते, आणि कदाचित कोणी तसे ठरवलेही नसेल. अनेक लहान निर्णयांतून ते आपोआप बनत गेले.

शेवटची वर्षे

युरोपच्या त्या दौऱ्यात त्सीगेनबाल्ग यांचे स्वागत थाटात झाले. श्ट्रालझुंडच्या वेढ्याच्या छावणीत ते राजा फ्रेडरिकला भेटले, इंग्लंडमध्ये पहिल्या जॉर्जला भेटले, आणि मारिया डोरोथेआ झाल्त्समान यांच्याशी विवाह करून ऑगस्ट १७१६ मध्ये मद्रासला परतले. हासिउस यांच्या जागी नवा, अनुकूल कमांडंट आला होता. देशी शिक्षकांसाठी विद्यालय सुरू झाले, आणि ऑक्टोबर १७१८ मध्ये नवे जेरुसलेम चर्च उभे राहिले. बाहेरून पाहता हा काळ यशाचा दिसतो.

धक्का आला तो कोपनहेगनहून. १७१४ मध्ये राजाने तेथे मिशन महामंडळ स्थापले होते, आणि त्याचे सचिव ख्रिस्टियान वेंट यांचा मिशनविषयीचा विचार वेगळा होता. धर्मोपदेशकाने प्रेषितांप्रमाणे साधेपणाने फिरत राहावे, इमारती, मालमत्ता आणि संस्था यांत अडकू नये, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी त्सीगेनबाल्ग आणि ग्रुंडलर यांना कडक शब्दांत फटकारणारी पत्रे लिहिली. आधीच खचलेल्या प्रकृतीला हे सोसले नाही, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. २३ फेब्रुवारी १७१९ रोजी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, तरंगमबाडीत त्यांचे निधन झाले. जुन्या कराराचे तमिळ भाषांतर रूथच्या पुस्तकापर्यंत आले होते. पुढच्याच वर्षी ग्रुंडलरही गेले, आणि उरलेले भाषांतर बेन्यामिन शुल्त्से यांनी पूर्ण केले.

हाल्ले आणि कोपनहेगन यांची टीका परस्परविरुद्ध होती. हाल्लेला वाटत होते की हा माणूस मूर्तिपूजकांच्या ग्रंथांत रमला आहे, आणि कोपनहेगनला वाटत होते की तो विटा-चुन्यात रमला आहे. दोन्हीकडे मूळ समजूत एकच होती: उपदेश हे काम आणि बाकी सर्व विचलन. तरंगमबाडीत तेरा वर्षे काढलेल्या माणसाला शाळेशिवाय वाचक मिळत नव्हते आणि वाचनाशिवाय उपदेशाला शब्द मिळत नव्हते, हे युरोपात बसून दिसणे कठीण होते. फ्रांके यांना मी यात वेंट यांच्यापेक्षा कमी दोषी धरतो, कारण ग्रंथ न छापण्याने कामाला अडथळा आला नाही, तर वेंट यांच्या पत्रांनी काम करणारा माणूसच खचला.

हस्तलिखितांचे पुढे काय झाले

छापले न जाणे म्हणजे नाहीसे होणे नव्हे. प्रशियाच्या राजाचे बर्लिनमधील ग्रंथपाल ला क्रोझ यांनी त्सीगेनबाल्ग यांची हस्तलिखिते वाचली आणि भारतातील ख्रिस्ती धर्माच्या इतिहासावरील आपल्या १७२४ च्या फ्रेंच ग्रंथात त्यांचा भरपूर उपयोग केला. त्यामुळे युरोपातील सुशिक्षित वाचकांना दक्षिणेतील दैवतांची माहिती त्सीगेनबाल्ग यांच्याकडून मिळाली, फक्त त्यांचे स्वतःचे पुस्तक हाती न येता.

गेर्मान यांनी १८६७ मध्ये ‘वंशावळ’ छापली ती मूळ मजकूर न बदलता, पण गरजेपुरती भर घालून, असे शीर्षकातच म्हटले आहे. दोनच वर्षांनी मेत्सगर यांनी केलेले इंग्रजी भाषांतर मद्रासमध्येच निघाले, आणि त्यात नव्या भरीचे प्रमाण बरेच मोठे आहे. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातील वाचक कोणते वाक्य १७१३ चे आणि कोणते १८६९ चे हे ओळखू शकत नव्हता. डॅनिएल जेयराज यांनी २००३ मध्ये मूळ हस्तलिखितावरून चिकित्सक आवृत्ती काढली, तेव्हा कोठे हा गुंता सुटला.

सूचीची कहाणी अधिक व्यावहारिक आहे. तमिळ ग्रंथांचा काळ ठरवणे नेहमी अवघड असते, कारण ताडपत्रे या हवेत टिकत नाहीत, लेखनिक नव्या प्रती करतात आणि रचनेचे वर्ष बहुधा कोणी लिहीत नाही. १७०८ ही पक्की तारीख असलेल्या सूचीत एखाद्या ग्रंथाचे नाव आणि वर्णन सापडले, तर तो त्या वर्षी कावेरीच्या मुखाजवळच्या गावांत वाचला जात होता एवढे निश्चित सांगता येते. नोंदींतील काही नावे आज उपलब्ध असलेल्या कोणत्याच ग्रंथाशी जुळत नाहीत. देवांची वंशावळ लिहिण्यासाठी विधवांकडून स्वस्तात घेतलेल्या पोथ्यांची ही यादी आता तमिळ साहित्याच्या इतिहासकारांना ग्रंथांचा काळ ठरवण्यासाठी उपयोगी पडते.